शिपायांना चुना लागलाय! लाल डगल्यावर पांढरा रंग कसा चढवायचा?

जालनेकर_२८ (धागाकर्ता) | १० मे, रात्री ११:२०

मंडळी, रामराम.

माझं आजोळ असईपासून दोन कोसांवर. लहानपणी केळणेत डुंबलो, जुईच्या काठची बोरं खाल्ली, पण २३ सप्टेंबर १८०३ ला ह्याच दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज भिडली होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हापासून एकच वेड, ती लढाई टेबलावर मांडायची. नकाशा झाला, नद्या झाल्या (प्लायवुडवर पुट्टी, वरून वार्निशचे चार हात), आता शिपाई चाललेत. २८ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या दीड पेराएवढे. संभाजीनगरच्या एका मित्रानं रेझिन प्रिंटरवर काढून दिलेत.

तोफा झाल्या, गोलंदाज झाले. गाडी अडलीय ती पांढऱ्यापाशी. कंपनीच्या पायदळाच्या लाल डगल्यावर, छातीवर फुली मारल्यासारखे दोन पांढरे पट्टे असतात. चाळीस शिपाई, ऐंशी पट्टे. बाटलीतला पांढरा सरळ लावला तर खालचा लाल डोकावतो आणि पट्टा गुलाबी. दुसरा हात दिला, तरी गुलाबी. तिसऱ्या हाताला होतो पांढरा, पण तोवर इतका थर चढलेला असतो की बक्कल कुठं, कड कुठं, काही कळत नाही. ओल्या चुन्यात बोट बुडवून कुणीतरी ओढलंय असं दिसतं. बायको चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यांनी दोन-दोन जानवी कामून घातलीत?"

आपल्या बाजूच्या घोडदळाचीही तीच गत. अंगरखा पांढरा, पागोटं पांढरं, त्यात निम्मे घोडे पांढरे. फोटो टाकलेत, हसू नका.

लाल, हिरवा, तपकिरी, कशातच मी इतका मार खाल्लेला नाही. नेमकं चुकतंय कुठं?

फुटाणे_शेंगदाणे | १० मे, रात्री ११:३४

वहिनींना दंडवत. जाणकार येईपर्यंत मी फुटाणे घेऊन बसलोय.

कंधारची_कुंचली | ११ मे, सकाळी ७:०५

दादा, मी असले शिपाई कधी रंगवले नाहीत, पण आमचा गणपतींचा कारखाना आहे. मी बारावीपासून आखणीला बसते, म्हणजे डोळे काढायला. तुमचे फोटो पप्पांना दाखवले.

तुम्ही पांढऱ्यानं सुरुवात करताय, तिथंच फसताय. आमच्याकडं उपरण्याला पांढरा सगळ्यात शेवटी लागतो. आधी आख्ख्या उपरण्याला फिका राखाडी, त्यात निळ्याचा नुसता वास. चुण्यांच्या खोलात तोच राखाडी तसाच सोडायचा. उंचवट्यावर त्यातच पांढरा मिसळून एक हात. कोरा पांढरा फक्त चुणीच्या धारेवर आणि काठाच्या टोकाला. पांढऱ्याची डबी पप्पा स्वतःच्या पाटाखाली ठेवतात, नव्या पोरांच्या हाती देत नाहीत. दिली की मूर्तीचं भूत होतं.

निळा कशाला असं विचाराल तर आजीला विचारा. धोतराला नीळ घालायची ना? चुन्यातही घालतात. तेच आहे.

सिंहासन_बत्तिशी | ११ मे, सकाळी ७:४०

+१. आमच्या घराला दिवाळीत चुना द्यायचो तेव्हा नीळ जास्त पडली आणि आख्खं वर्ष लोक विचारायचे, "दवाखाना काढलाव का?"

वाळूजचा_वास | ११ मे, सकाळी ९:१५

मी रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. कुठला, ते विचारू नका. कुंचलीताईंनी हात सांगितला, मी आतलं सांगतो.

लाल, निळा, काळा हे रंग उजेड गिळतात. थोडा थर असला तरी गिळायचं काम होऊन जातं. पांढऱ्याला गिळायचं काही नाही, आलेला उजेड सगळाच्या सगळा माघारी धाडायचा. थर पुरला नाही तर उजेड आरपार जातो, खालच्या लालावर आपटतो आणि लाली घेऊन परत येतो. तुमचा गुलाबी तो हा.

उजेड किती माघारी फिरेल, हे पांढऱ्या कणाचा आणि त्याच्याभोवतीच्या चिकाचा (कणांना धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) अपवर्तनांक किती वेगळा आहे यावर ठरतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा (रुटाइल जातीचा) साधारण २.७, वाळलेल्या ॲक्रिलिकचा १.५ च्या आसपास. म्हणून तो झाकतो. खडूचा १.६ च्या जवळपास, म्हणजे चिकाइतकाच, म्हणून खडू चिकात घातला की गायब. शाळेतला फळा आठवा. ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्यावर लिहिलं की अक्षर दिसत नाही, वाळलं की उमटतं. कणांभोवती पाणी असतं तोवर फरक कमी, पाणी उडून हवा शिरली की फरक वाढला. चुन्याचंही तसंच, देताना भिंत मळकीच दिसते आणि सकाळी उठून बघावं तर पांढरीफटक.

आता तुमचा खडबडीतपणा. रंग घट्ट म्हणून तुम्ही पाणी ओतत असणार. पाण्यानं रंग पातळ होतो तसा चीकही पातळ होतो, मग कणांना धरून ठेवायला तो पुरत नाही. वाळल्यावर कण उघडे पडतात आणि बोट फिरवलं तर भुकटी निघते. नुसतं पाणी नको. मॅट मीडियम (म्हणजे रंग नसलेला, न चकाकणारा नुसता चीक) आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यानं पातळ करा. दोन-तीन हात लागतील, आधीचा हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नको.

आणि ट्यूबच्या पाठीवरचं बारीक वाचा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, तो घ्या. पीडब्ल्यू ४ म्हणजे जस्ताचा पांढरा, तो पारदर्शकपणाकडं झुकतो. पीडब्ल्यू १ म्हणजे शिशाचा, विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका.

फुटाणे_शेंगदाणे | ११ मे, सकाळी ९:२८

आमच्या फिजिक्सच्या सरांनी हे फळ्याचं सांगितलं असतं तर मी आज फुटाणे खात बसलो नसतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कूलरसमोर | ११ मे, दुपारी २:५०

रसायन राहू द्या, आधी कॅलेंडर बघा. मे महिन्यात ४२ डिग्रीला रंगवायलात आणि दोष बाटलीला? आमच्या परभणीत आत्ता कुंचला बशीतून शिपायापर्यंत नेईस्तोवर टोकाला पापडी धरते. इतर रंगांत ती पापडी खपून जाते, पांढऱ्यात एकेक कण दिसतो.

उपाय फुकटचा. पेढ्यांचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला ओला स्पंज किंवा चार पदरी टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला. बटर पेपर बेकरीवाल्याकडचा घ्या. स्टेशनरीच्या दुकानात त्याच नावानं ट्रेसिंग पेपर मिळतो, तो पाणी लागलं की गुंडाळी होतो. मी दोन शीट वाया घालवून सांगतोय.

कूलरच्या झोतात बसू नका, रंग लगेच सुकतो. पण खोलीत कूलर चालू असू द्या, हवेत ओल राहते.

स्प्रे प्रायमरची तर कथाच आहे. गेल्या उन्हाळ्यात दुपारी एकला पत्र्यावर उभं राहून वीस शिपायांना पांढरा प्रायमर मारला. फवारा हवेतच वाळला आणि शिपायांवर बसला तो नुसता रवा. तेव्हापासून सकाळी सहा-साडेसहाला मारतो, एक वीत लांबून, थांबत थांबत. आणि पावसाळ्यात झड लागली असताना मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका, साय धरल्यासारखा पांढुरका थर येतो. म्हणजे जिथं पांढरा पाहिजे तिथं येत नाही आणि जिथं नको तिथं आपसूक येतो.

तोफखाना_लातूर | ११ मे, रात्री ९:४५

शेवटी माझा विषय आला! मी वॉरहॅमरवाला, म्हणजे टेबलावर छोट्या फौजा लढवायच्या खेळातला. २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट रंग (एकाच हातात उजेड-सावली देणारे) नवे आले तेव्हा हुरळून जाऊन व्हाइट स्कार्सची फौज घेतली. आख्खी पांढरी चिलखतं. पहिले दहा रंगवले आणि उरलेले वर्षभर खोक्यात झोपले, तेव्हा तुमचं दुःख मला ठाऊक आहे.

तुमचा पट्ट्यांचा प्रश्न उपरण्यापेक्षा वेगळा आहे. उपरण्याला चुण्या असतात, सावली ठेवायला जागा असते. पट्टा सपाट आणि अरुंद, तिथं सगळी करामत कडेची. असं करा:

लाल डगला पूर्ण उरकून घ्या, उजेड-सावलीसकट. मग पट्ट्यावर सरळ गडद तपकिरी ओढा, कॉफीसारखा. थोडा बाहेर गेला तरी चालेल. भीती वाटेल, वाटू द्या. मग तपकिरीच्या आत मध्यम करडा, दोन्ही बाजूंनी केसाएवढी तपकिरी रेघ शिल्लक ठेवून. त्याच्यावर फिका करडा किंवा हस्तिदंती. शेवटी खांद्याच्या वळणावर आणि जिथं दोन पट्टे एकमेकांना छेदतात तिथं वरच्या पट्ट्यावर कोऱ्या पांढऱ्याची एकेक बारीक रेघ. संपलं. तपकिरी रेघेमुळं लाल आणि पांढरा एकमेकांना शिवत नाहीत, आणि तीन फुटांवरून बघणाऱ्याला पट्टा उठून दिसतो.

करड्यानं लाल एका हातात झाकला जातो, ही त्यातली मेख. वाळूजच्या सरांचं वाचल्यावर आत्ता कळलं का ते: करड्यात काळा आहे, तो उजेड गिळतो.

बाटल्यांची नावं हवी असतील तर सिटाडेलचा अल्थुआन ग्रे आणि त्यावर व्हाइट स्कार. वॅलेजोचा ऑफ-व्हाइटही चांगला. प्रो ॲक्रिलचा बोल्ड टायटॅनियम व्हाइट झाकायला सगळ्यात भारी, पण मागवून येईपर्यंत तुमचा वेलस्ली (असईतला कंपनीचा सेनापती) म्हातारा होईल.

वाळूजचा_वास | ११ मे, रात्री १०:०२

बरोबर पकडलंत. चिमूटभर काळ्यानं पांढऱ्याची झाकणी वाढते. आमच्याकडं हा जुना दाखला आहे.

सेलूचे_मास्तर | १२ मे, सकाळी ६:१०

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. माझा आक्षेप त्या चिमूटभर काळ्यालाच आहे. पांढरा अधिक काळा म्हणजे सिमेंट. शिपाई जिवंत माणसं आहेत, पुलाचे खांब नव्हेत. तीस वर्षं पोरांच्या पाठीवर हात ठेवून हेच सांगितलं.

करडा करायचा तर निळा आणि तांबडा-तपकिरी मिसळून करावा, मग पांढरा घालावा. निळा जास्त पडला तर थंड, तपकिरी जास्त तर ऊबदार. एकाच डबीत दोन करडे मिळतात.

जालनेकर, तुमच्याहून संभाजीनगर तास-दीड तासावर. एक दिवस दुपारी चारला बीबी का मकबऱ्यात जाऊन बसा. घुमट संगमरवराचा, भिंतींचा खालचा पट्टा संगमरवराचा, बाकी बहुतेक गिलावा. दोन्ही पांढरेच. पण संगमरवर उजेड थोडा आत घेतो आणि मग सोडतो, गिलावा तोंडावर फेकतो. तुमचे पट्टे गिलाव्यासारखे झालेत. मग सावलीची बाजू बघा. आकाश निरभ्र असेल तर ती निळसर दिसेल, कारण तिथं ऊन नाही, फक्त आकाशाचा उजेड आहे. उन्हाची बाजू सहा वाजेस्तोवर हळदीकडं झुकते. कोरा पांढरा कुठं दिसला तर मला कळवा.

अजिंठ्याच्या कारागिरांनी मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन मग रंगवलं. त्यांचा पांढरा चिनी माती, जिप्सम, चुना यांचा. टायटॅनियम नव्हतं त्यांच्याकडं. तरी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या गळ्यातले मोती अंधारात उजळतात, कारण भोवती सगळं सावळं आहे.

फुटाणे_शेंगदाणे | १२ मे, सकाळी ८:३०

सर, मी तुमचाच विद्यार्थी असेन तर पाठीवरचा तो हात जरा जोरात ठेवायचात.

माळवद | १२ मे, दुपारी १२:१५

सगळे नीळ-नीळ करायलेत, म्हणून बोलतो. गाव अंबाजोगाईकडं.

पट्ट्यांना निळा लावायचा नाही. फौजेत पट्टे पांढरे ठेवायला पाइपक्ले लावायचे, म्हणजे पांढरी चिकणमाती. पाण्यात कालवून पट्ट्यावर फासायची, वाळवायची, घासायची. आता आपल्याकडच्या माणसाला पांढरी माती काय हे सांगावं लागू नये. आमच्या माळवदावर दर वर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती पसरायची, गावातली गढी पांढऱ्या मातीची, गावठाणालाच पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. पण ती पांढरी माती खरंच पांढरी असते का? पिवळट असते, साईसारखी. पाइपक्ले तिच्याहून उजळ खरी, पण जात मातीचीच. पट्ट्याला हस्तिदंती द्या.

दुसरं. लढाई सप्टेंबरातली. त्या मोसमात आमच्या काळ्या रानात दहा पावलं चालून दाखवा, मग पांढऱ्या विजारीचा रंग काय होतो ते सांगा. गुडघ्याखाली पांढरा वाया घालवू नका, काळपट तपकिरी ओला चिखल फासा. निम्मं काम तिथंच कमी होतं.

कंधारची_कुंचली | १२ मे, दुपारी १:००

काका, पट्ट्याचं पटलं. मातीचा पांढरा आणि कपड्याचा पांढरा वेगळा, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण कपड्याला नीळच. धोतर विहिरीच्या पाण्यानं पिवळं पडतं म्हणूनच तर नीळ घालतात ना! पागोटं आणि अंगरखा निळसर सावलीचा ठेवा, पट्टे हस्तिदंती ठेवा. म्हणजे दोन फौजा लांबूनही वेगळ्या दिसतील.

माळवद | १२ मे, दुपारी १:२०

मान्य. पण धुतलेलं धोतर नेसून लढाईला कोण जातं बाई.

कंधारची_कुंचली | १२ मे, दुपारी १:२२

सरदार जातात. 😄

जालनेकर_२८ | १२ मे, रात्री १०:५०

बाप रे, एवढं सगळं! मास्तर, काका, ताई, सगळ्यांचे आभार. उद्यापासून चार शिपायांवर तोफखाना पद्धत करून बघतो. पण घोड्यांचं कुणी बोललं नाही?

नुकरा | १३ मे, सकाळी ११:०५

घोड्यांचं मी बोलतो. लोह्याजवळच्या माळेगावच्या जत्रेला आमचं दर वर्षी जाणं असतं, खंडोबाचं दर्शन आणि मग घोड्यांच्या बाजारात दिवसभर.

लोकांना पांढरा दिसतो तो घोडा बहुतेक वेळा मुळात करडा असतो. जन्मतो गडद आणि वयानुसार उजळत जातो. केस पांढरे, कातडी काळी. म्हणून नाकाडावर, डोळ्यांभोवती, जांघेत, जिथं केस विरळ तिथं काळसर दिसतं. तरण्या करड्या घोड्याच्या पुठ्ठ्यांवर रुपयाएवढे ठिपके असतात, पाय आणि आयाळ बहुधा अंगापेक्षा गडद. मुळातच पांढरा आणि गुलाबी कातडीचा तो नुकरा. त्याचं नाक गुलाबी, आणि बाजारात त्याचा भाव वेगळा.

तुमच्या फोटोतल्या घोड्यांना नाकच नाही. तिथून सुरुवात करा. आख्खा घोडा गडद करड्यानं रंगवा, वाळू द्या. मग जाड कुंचल्यावर फिका करडा घेऊन कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि कोरडा कुंचला घोड्यावर हलक्या हातानं फिरवा. उंचवट्यावर आपोआप बसतो. शेवटी हस्तिदंती, फक्त मान, पाठ आणि पुठ्ठे. नाक, गुडघे, खूर तसेच ठेवा. गुडघ्याच्या मागं आणि शेपटाखाली पिवळट डाग द्या. पांढरा घोडा ठाणावर बसला की काय होतं ते ज्यानं खरारा केलाय त्याला विचारा.

सगळ्या घोडदळाला पांढरे घोडे देऊ नका. पन्नासात दोन-तीन, तेही सरदाराखाली. बाकी कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचे तांबूस-तपकिरी.

देवणीवाला | १३ मे, दुपारी ४:३०

घोडे झाले, पण तोफा ओढायला बैल लागतात की नाही? त्यांना देवणी करा! बाळंक्या आख्खा पांढरा, वानेऱ्याचं तोंड बाजूनं काळं, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. तीन बैल रंगवले तर तिन्ही वेगळे. आमच्या घरी वानेऱ्याची जोडी होती, पोळ्याला शिंगांना...

सिंहासन_बत्तिशी | १३ मे, दुपारी ४:४१

देवणी ही जात ह्या नावानं १८०३ मध्ये ओळखली जायची का? नाहीतर इतिहासवाले धाग्यावर येऊन नांगर फिरवतील.

देवणीवाला | १३ मे, दुपारी ४:५०

२८ मिलिमीटरच्या बैलाला कोण वंशावळ विचारतंय? आणि लाल कंधारी केला तर पांढऱ्याची कटकटच मिटली.

संपादक | १३ मे, सायंकाळी ६:००

बैलांसाठी वेगळा धागा काढावा. पोळ्याच्या फोटोंचे अकरा प्रतिसाद तिकडं हलवले आहेत.

तोफखाना_लातूर | १३ मे, रात्री ८:१५

एक राहिलं, पाणी. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या काठाला पांढरं कडं बसतं. तेच पाणी पातळ करायला वापरलं तर गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) वाळल्यावर खाचांमध्ये पांढुरकी राख उमटते. मी महिनाभर वॉशलाच शिव्या घातल्या. आता इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतो. एक लिटर वर्षभर पुरतं.

आणि कुंचला धुवायला दोन पेले ठेवा, एक फक्त पांढऱ्यासाठी. लालाचा पेला पांढऱ्याला लागला की परत गुलाबी.

कूलरसमोर | १३ मे, रात्री ८:२२

लातूरकर आणि कुंचला धुवायला दोन पेले! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा किती होते?

तोफखाना_लातूर | १३ मे, रात्री ८:२५

तेव्हा सगळी फौज काळी रंगवली होती. (हलकेच घ्या.)

दगडी_दौत | १४ मे, सकाळी १०:००

वाईट वाटून घेऊ नका, पण चाळिशीच्या माणसांनी खेळणी रंगवण्यावर एवढी चर्चा? लिंबोळीएवढं डोकं आणि त्याच्या पागोट्याची सावली निळी की पिवळी!

सेलूचे_मास्तर | १४ मे, सकाळी १०:२०

लिंबोळीएवढ्या डोक्यावर सावली बघायला जमली तर मोठ्यावर आपोआप दिसते. आपण एखादा रंगवून बघा, कुंचला मी पाठवतो.

जालनेकर_२८ | १९ मे, रात्री ११:४०

अहवाल.

पहिले चार बिघडले. तपकिरी रेघ केसाएवढी ठेवायची होती, माझी झाली सुतळीएवढी. बायको म्हणाली, "आता ह्यांच्या घरी सुतक आहे वाटतं." शिवाय करड्याच्या जागी काळा-पांढरा मिसळून घेतला होता. मास्तर, तुमचं सिमेंट मी प्रत्यक्ष बनवलं.

ते चार रॉकेलमध्ये टाकून धुवायला निघालो होतो, पण म्हटलं आधी विचारावं.

वाळूजचा_वास | १९ मे, रात्री ११:५५

रॉकेल नको! धुऊ पण नका. लाल चांगला बसलाय. रेघेची बाहेरची बाजू डगल्याच्याच लालानं आत सरकवा. पांढऱ्यानं पट्टा रुंद करायला जाऊ नका, लालानं रेघ बारीक करा.

तोफखाना_लातूर | २० मे, सकाळी ७:३०

हेच लिहायला आलो होतो. माझ्या पद्धतीत हे सांगायचं राहिलं, चूक माझी. रेघ कायम मागून खोडून बारीक होते, एका दमात बारीक कुणाचीच येत नाही.

जालनेकर_२८ | २ जून, रात्री १०:१०

मंडळी, फोटो बघा.

बत्तीस झाले, आठ राहिले. सकाळी साडेपाच ते साडेसात बसतो, पेढ्याचा डबा, बॅटरीचं पाणी. पट्ट्यांना कॉफी, मग मास्तरांचा निळा-तपकिरी करडा, मग हस्तिदंती. कोरा पांढरा एका शिपायाला मिळून टाचणीच्या टोकाएवढा लागतो. पहिल्या महिन्यात अर्धी बाटली संपवली होती, ह्या वेळी झाकणात घेतलेला थेंबही सरत नाही. गुडघ्याखाली माळवद काकांचा चिखल आहे. खरा चिखल आहे. आजोळच्या शेतातली माती चाळून, मॅट मीडियममध्ये कालवून लावली.

घोड्यांना नाकं आली. एकच नुकरा केला, तो सरदाराखाली. मकबऱ्यातही जाऊन आलो. मास्तर, सावली निळी दिसली, पण पाच वाजता राखणदारानं विचारलं की दोन तास भिंतीकडं काय बघायलात.

बायकोला पूर्ण पलटण दाखवली. भिंग घेऊन तिनं एकेक बघितला आणि म्हणाली, "पट्टे झकास झालेत. पण ह्यांना डोळे कामून नाहीत?"

आता डोळ्यातलं पांढरं कसं करू?

फुटाणे_शेंगदाणे | २ जून, रात्री १०:१४

फुटाणे संपले. डाळे आणतो.

कंधारची_कुंचली | २ जून, रात्री १०:३०

आता आलात माझ्या पाटावर. बुबुळाभोवती पांढरा अजिबात लावायचा नाही, त्वचेच्या रंगात हस्तिदंती मिसळायचा. आधी डोळ्याची आख्खी खाच गडद तपकिरी, त्यात तो हस्तिदंती, मग बुबुळ. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं हवं, मधोमध सुटं ठेवलं तर शिपाई दचकल्यासारखा दिसतो. आणि डावा डोळा आधी करा. उजव्या हातानं रंगवणाऱ्याला तोच अवघड जातो, मग उजवा त्याच्या मापानं बसवता येतो.

आठ राहिलेत ना? त्यांच्यावरच हात बसवा. बत्तिसांना आत्ता शिवू नका.